नाटकाचा मोसम संपल्यावर : कुळागरातले तेलाचे दिवस

कार्तिकापासून शिगम्यापर्यंत आमच्याकडे गोव्यात देवळादेवळांतून जत्रा असतात आणि जत्रा म्हटली की रात्री मराठी नाटक आलेच. मी गावच्या मंडळात कामे करते. दिवसा प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि मोसमात रात्री कधी आईसाहेब, कधी राणी, कधी एखाद्या सामाजिक नाटकातली सासू. नाटक उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. चेहऱ्यावर आधी पॅनकेकचा जाड थर, डोळ्यांत काजळ. केस जाळीत घट्ट बांधून वर टोप. टोपाची कड कपाळाला चिकटवायला स्पिरिट गम, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली राळ. हवेत स्पिरिट उडून जाते आणि राळ कातडीला धरून बसते. प्रयोग संपल्यावर कोणाला धीर नसतो, कड ओढून काढायची, खोबरेल फासायचे, फडक्याने खसाखसा पुसायचे, घरी जाऊन तासभर आडवे व्हायचे आणि शाळा गाठायची.

गेल्या काही मोसमांत माझ्या कपाळाची कड लाल राहू लागली होती. केसांच्या मुळाशी खपल्या, कानामागे खाज, गालांवर कोरडेपणा. त्याहून त्रास झोपेचा. जत्रा संपल्या तरी रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडत, जणू एन्ट्री जवळ आली आहे. या वेळी शिगमो झाल्यावर ठरवले की शरीराला नीट वेळ द्यायचा.

गोव्यात तेलमालिश शोधायला लांब जावे लागत नाही. कळंगुटपासून हरमलपर्यंत किनाऱ्यावर पावलोपावली पाट्या आहेत. पण मला सुगंधी खोलीत तासभर पडून राहायचे नव्हते. माझ्या कातडीकडे आधी कोणीतरी नीट बघावे, मग हात लावावा, एवढीच इच्छा होती. फोंडा तालुक्यातल्या एका कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या एक वैद्यबाई उपचार करतात असे सहशिक्षिकेने सांगितले. चिऱ्याच्या भिंतींचे जुने घर, मागे सुपारीच्या रांगा, त्यांच्यावर चढलेली मिरी आणि मधून वाहणारा पाट. दुपारी बारालाही तिथे गारवा असतो.

पहिल्या भेटीत तेलाचा थेंबही अंगाला लागला नाही. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट साफ होते का विचारले, पाळी कधी आली होती, तहान किती लागते, घाम कुठे जास्त येतो, रात्री जेवण किती वाजता. मोसमात आम्ही प्रयोगानंतर पहाटे भजी आणि चहा घेतो हे ऐकून त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि त्यावरच बराच वेळ बोलल्या. कपाळाच्या कडेवर भिंग धरून पाहिले. खपल्या कोरड्या आहेत की तेलकट, हे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. तेलकट आणि पिवळट असत्या तर मी डोक्यावर ताकाची धार धरली असती, म्हणाल्या. नागरमोथा घालून उकळलेल्या दुधाचे ताक आणि त्यात आवळ्याचा काढा. माझी कातडी रुक्ष आहे म्हणून तेल.

मग त्यांनी जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. मी सहज म्हटले, "झाडपाल्याचेच आहे ना सगळे, मग अपाय कसला?" तेव्हा काजूचा हंगाम सुरू होता. त्या म्हणाल्या, "बाई, काजूच्या टरफलातले तेलही झाडाचेच. हातावर पडले तर फोड येतो की नाही? बिब्बाही झाडाचाच." गोव्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही, काजू भाजणाऱ्या बायकांची बोटे सगळ्यांनी पाहिली आहेत. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाऊ नका, असेही त्यांनी बजावले. रस लागलेली कातडी उन्हात भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. त्यांनी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला दोन ठिपके लावले, एक तेलाचा, एक लेपाचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत लाली किंवा खाज आली नाही तरच पुढे जायचे. आली नाही.

उपचार सकाळी, रिकाम्या पोटी. खोलीत पंखा बंद. मध्ये द्रोणी, म्हणजे एकाच लाकडाची लांब, कडेला पन्हळ असलेली मेज. अंगावरून ओघळलेले तेल त्या पन्हळीतून एका टोकाच्या भांड्यात जमते. उपचार करणारी मुलगी सत्तरी तालुक्यातली, प्रशिक्षण घेऊन आलेली. तिचे हात मोठे आणि कोरडे होते. तिने आधी मला स्टुलावर बसवून टाळूवर तेल घातले, मग कानांत दोन थेंब, मग तळपायांना. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात डोके, कान आणि पाय या तीन जागी तेल विशेषकरून लावावे असे सांगितले आहे, हे वैद्यबाईंनी मला नंतर दाखवले. लहानपणी आजी न्हायला घालताना याच क्रमाने तेल लावायची. तिने वाग्भट वाचलेला नव्हता.

अंगाला लावायचे तेल होते नाल्पामरादि. केरळकडचे हे नाव, वड, पिंपळ, उंबर आणि पायर या चार चिकाळ झाडांच्या साली आणि हळद घालून तिळाच्या तेलात सिद्ध केलेले. रंग दाट पिवळा. पांढरे कपडे घालून जाऊ नका, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला. तेल थेट विस्तवावर तापवत नाहीत; गरम पाण्याच्या भांड्यात तेलाची वाटी ठेवतात. मुलगी आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून पाही, मग माझ्या.

हातापायांच्या लांब हाडांवर हात सरळ, सांध्यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. रगडणे नव्हतेच. मला वाटत होते मालिश म्हणजे दुखेपर्यंत दाबणे, कारण आमच्याकडे सुईणी तसे करतात. इथे हातांचा वेग एकच राहतो, तेल आटले की पुन्हा ओतले जाते आणि थोड्या वेळाने कुठला हात कुठे आहे याचा माग मन सोडून देते. खांद्यांपाशी ती थांबली. "बाई, तुम्ही काय उचलता?" मी म्हटले, टोप आणि मुकुट. ऐतिहासिक नाटकातला मुकुट पत्र्याचा असतो, तीन-चार तास मान ताठ ठेवावी लागते. त्या दिवसापासून मानेवर तिने जास्त वेळ दिला आणि माझ्या मते सगळ्या उपचारांत ताबडतोब जाणवलेला फरक तिथलाच.

त्यानंतर वाफ. लाकडी पेटीत बसायचे, डोके बाहेर, डोक्यावर ओला पंचा, खाली निर्गुंडीच्या पाल्याचे उकळते पाणी. कपाळावर आणि वरच्या ओठावर घाम फुटला की बाहेर. ती घड्याळाकडे बघत नसे, माझ्या ओठाकडे बघे. उन्हाळा असल्याने वाफ थोडीच.

लेपाचे मात्र सविस्तर सांगते, कारण घरी आपण तो चुकीच्या रीतीने लावतो असे मला वाटते. दिवाळीला आपण पाकिटातले उटणे पाण्यात कालवतो आणि वाळून तडकेपर्यंत ठेवतो. वैद्यबाईंच्या लेपात मसुराचे पीठ, आंबेहळद, वाळा, नागरमोथा आणि चंदन होते, पण कालवण्यासाठी नारळाचा घट्ट रस. कोरड्या कातडीला पाणी नको आणि मुलतानी माती तर नकोच, ती असलेला स्निग्धपणाही शोषून घेते. लेप पातळ थरात लावला, कपाळाच्या कडेपासून एक बोट दूर. आणि तो पूर्ण वाळण्याआधीच, जरा दमट असताना, कोमट पाण्याने ओला करून उतरवला. वाळलेला लेप ओढला जातो आणि कातडी ताणतो. स्पिरिट गमने जे केले तेच पुन्हा. घासायचे नाही, हे ती मुलगी रोज म्हणायची. मसूर दळलेला असला तरी त्याला धार असते.

केसांसाठी आदल्या रात्री घरीच तेल लावायचे होते. तेल नीलिभृंगादि, त्यात नीळ, माका, आवळा आणि नारळाचे तेल. कपाळाच्या कडेला मात्र साधे खोबरेल, मुरू द्यायचे. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातले प्रथिन कमी झडते, इतर बरीच तेले वरच राहतात. त्यामुळे धुण्याच्या आधी लावलेल्या खोबरेलाचा उपयोग धुऊन झाल्यावर लावलेल्यापेक्षा जास्त, असे वैद्यबाईंनी सांगितले. धुवायला शिकेकाई आणि मुगाचे पीठ, आणि शेवटी जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस. कुंपणाची चार-पाच पाने पाण्यात चुरडली की पाणी दाट होते. मी तो रस केसांतून ओघळू दिला तेव्हा फणी विनाअडथळा खाली आली. दुकानातल्या बाटलीने इतके केले नव्हते. रिठ्याला त्यांनी नकार दिला, मुळाशी आधीच कोरडेपणा असताना रिठा आणखी ओढतो.

आता शिरोधारा. मी यासाठीच तिथे गेले होते आणि हेच लिहिणे अवघड आहे.

द्रोणीवर उताणे झोपायचे, मानेखाली छोटी गुंडाळी, डोळ्यांवर गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस. कपाळावर भुवयांच्या वर एक पट्टी, तेल डोळ्यांत उतरू नये म्हणून. डोक्यावर टांगलेले धारापात्र, तळाला भोक, त्यातून सुताची वात खाली सोडलेली. वातीचे टोक कपाळापासून साधारण चार बोटे वर. त्याहून उंच असली तर धार कपाळावर टोचते, खाली असली तर तिला वेगच येत नाही. तेल क्षीरबला, बला म्हणजे चिकणा, आणि दूध व तीळतेल. दीड-दोन लिटर तेल लागते. खाली जमलेले तेल पुन्हा कोमट करून पात्रात घालतात, त्यामुळे एक जण धार धरतो आणि दुसरा तेल पाहतो. ते तेल त्याच माणसासाठी, दुसऱ्याला वापरायचे नाही. माझ्या बरणीवर माझे नाव चिकटवलेले होते.

पहिली धार पडली तेव्हा मला वाटले, कोणीतरी कपाळावर बोट ठेवले आहे. ऊन नाही, गार नाही. मग मुलीने पात्र हळूच झोक्यासारखे हलवले आणि धार एका कानशिलाकडून दुसऱ्या कानशिलाकडे जाऊ लागली. सुरुवातीला डोक्यात याद्याच चालू होत्या: दुसरीच्या मुलांची प्रगतिपत्रके, गॅसचा नंबर, पुढच्या मोसमातल्या नाटकाच्या वाचनाची तारीख. मी त्या थांबवायचा प्रयत्न केला की जास्त येत. वैद्यबाई बाजूला बसून हळू म्हणाल्या, "येऊ द्या. धार कुठे आहे तेवढे बघा." धार उजवीकडे, धार मध्ये, धार डावीकडे. थोड्या वेळाने याद्या आल्या तरी अर्ध्यावर सुटू लागल्या. कुळागरातल्या पाटाचा आवाज, सुपारीवर कुठला तरी पक्षी, धार. मी झोपले नव्हते; मुलीने वात बदलताना क्षणभर धार थांबली तेव्हा मला लगेच कळले. पण हात कुठे आहेत ते मात्र आठवत नव्हते.

नाटकात एक जागा असते, स्वगत संपते आणि पुढचे वाक्य यायच्या आधी प्रेक्षागृह पूर्ण आपल्या हातात असते. त्या वेळी शरीर जड नसते. मला तिथे तेच जाणवले, फक्त इथे पुढचे वाक्य म्हणायचे नव्हते.

पाऊण तासाने धार बंद. लगेच उठायचे नाही, आधी कुशीवर, मग बसायचे, मग पाय खाली. डोके पुसून त्यावर कोरडा पंचा. बाहेर वाऱ्यात बसायचे नाही, एसी गाडीत तर नाहीच. मी स्कूटरने आले होते. त्यांनी नवऱ्याला फोन करायला लावला.

आणि मग पेज. उकड्या तांदळाची, मऊ, मीठ घातलेली, सोबत भाजलेला सुका पापड. गोव्यात पेज म्हणजे आजारपणाचे जेवण नव्हे, शेतावरून आलेल्या माणसाची अकरा वाजताची न्याहरी. पण तेलाच्या दिवसांत तिची चव वेगळीच लागली. दुपारी मुगाचे कढण, लाल भोपळ्याची भाजी. मासे बंद. हे सांगणे सोपे आहे. आमच्या घरात सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी उकळत असताना पाळणे कठीण. पण वैद्यबाईंचे म्हणणे होते की पोट जड असेल तर तेलाचा उपयोग नाही, आणि अपचन असताना तेल लावूच नये. कातडीचे उपचार म्हणून गेलेल्या मला अर्धा वेळ जेवणाबद्दल ऐकावे लागले, आणि आता वाटते की त्या अर्ध्याशिवाय उरलेला अर्धा फुकट गेला असता.

मध्येच एकदा मी त्यांना समुद्राबद्दल विचारले. आमच्या आजीच्या पिढीत मे महिन्यात कुटुंबेच्या कुटुंबे किनाऱ्यावर मुक्कामाला जात, रोज खाऱ्या पाण्यात डुंबत. अंगावरचे घामोळे आणि खरूज पाऊस येण्याआधी खाऱ्या पाण्याने जाते अशी श्रद्धा. हरमलच्या गोड्या तळ्याकाठची पिवळी माती अंगाला फासून उन्हात बसणारे आजही दिसतात. वैद्यबाईंनी हे उडवून लावले नाही. निरोगी, तेलकट कातडीच्या माणसाने खुशाल जावे, म्हणाल्या, पण नंतर विहिरीच्या पाण्याने अंग धुवून तेल लावावे, कारण मीठ कातडीतला ओलावा ओढते. चिरा पडलेल्या कपाळाने मात्र नको.

फरक काय पडला? सगळ्यात आधी झोप. तिसऱ्या-चौथ्या धारेनंतर मी पहाटे कोंबड्याच्या आवाजाने उठले, दोन वाजता नव्हे. कपाळाची लाली हळूहळू उतरली, खाज गेली. गालांवरचा कोरडेपणा कमी झाला, पूर्ण गेला असे म्हणणार नाही. केस गळायचे थांबले का, याचे उत्तर इतक्या लवकर देता येत नाही. केस वाढायला आणि गळायला त्यांचा वेळ लागतो आणि कोणी आठवड्यात केस दाट करून देतो म्हणाले तर मी त्याच्या पायरीवर चढणार नाही.

घरी आता ज्या गोष्टी चालू आहेत त्यातली एक भिरंडेल. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या बियांचे हे घट्ट तेल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लगद्याच्या गोळ्यांच्या रूपात मिळते. ते चाळीसएक अंशांना वितळते, म्हणून डबीत घट्ट राहते आणि टाचेवर चोळले तर हळूहळू मुरते. ओठांना, टाचांना आणि आता कपाळाच्या कडेला मी तेच लावते. दुसरी काशाची वाटी. सासूबाई रात्री माझ्या तळपायांना तूप लावून वाटीने घासतात. वाटी काळी पडते, त्या म्हणतात, "उष्णता निघाली." काळेपणा काशाचा आणि तुपाचा असतो हे मला ठाऊक आहे, पण तळपाय गार होतात आणि डोळे मिटू लागतात हेही तितकेच खरे, त्यामुळे त्यावर आमचा वाद होत नाही.

पैशांबद्दल लोक विचारतात. खासगी ठिकाणी हे स्वस्त नाही. दोन माणसे तासभर एकाच्या मागे असतात, तेल लिटरने जाते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी घाई करून स्वस्तात कुठेही डोके देऊ नये. शिरोड्याला गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे. पेडणे, डिचोली, बार्देशच्या माणसाला आता आयुर्वेदाच्या तज्ज्ञांकडे जायला मुंबई-केरळ गाठायला नको. आणि कुठेही गेलात तरी आत शिरताच विचारा: इथे वैद्य कोण, ते आधी मला तपासणार का, आणि हे तेल माझ्याआधी कोणाच्या डोक्यावरून गेलेले आहे का. प्रश्न विचारल्यावर ज्यांचा चेहरा पडतो तिथून परत फिरा.

माझ्याकडे पाहून नणंदेनेही जायचे ठरवले. ती गेली ती आदल्या रात्री लग्नाचे जेवण जेवून, नाक वाहत असताना. वैद्यबाईंनी तिची जीभ पाहिली, पांढरी होती, आणि तेल न लावता तिला सुंठ घालून पेज घ्यायला सांगून परत पाठवले. ती चिडली, एवढ्या लांब येऊन काहीच केले नाही म्हणून. मी तिला म्हटले, केले ना, तुला तपासले. पोट हलके झाले, सर्दी गेली की पुढच्या आठवड्यात तिला मी स्वतः घेऊन जाणार आहे, या वेळी जुन्या कपड्यांत.